वाळूतला माठ

माझ्या हद्दीतली पोरं मला बघून पळतात. स्कूटीचा आवाज वळणावर आला की अंगणातली अर्धी फौज तुरीच्या पिकात शिरते. उरलेली आईच्या पदराखाली डोकं घालतात आणि बाकीचं अंग बाहेर ठेवून आपण दिसत नाही असं समजतात. पोरगं जेवत नाही? थांब, सिस्टर सुई घेऊन येतील. झोपत नाही? बोलवू का सिस्टरला? गावोगावच्या आयांनी मला न विचारता या कामावर नेमलं आहे. एकदा येरमाळ्याच्या स्टँडवर मी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन बसची वाट बघत उभी होते. एका बाईनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि तिचं रडणारं पोरगं झटक्यात गप झालं. कोथिंबिरीला तर कुणी घाबरत नाही, म्हणजे चेहऱ्यातच काहीतरी असणार.

येरमाळ्याहून आत वळलं की माझं आरोग्य उपकेंद्र. चार गावं आणि त्यांच्या शेतातल्या वस्त्या माझ्याकडं आहेत. जन्मलेल्या बाळापासून बारावीच्या पोरापर्यंत सगळे माझ्या हाताखालून जातात. बाळांना लस टोचायची, झोळीत घालून वजन करायचं, दंडाला पट्टी लावून घेर बघायचा. शाळेत सोमवारी लोहाच्या गोळ्या वाटायच्या आणि त्या खिडकीतून बाहेर जात नाहीत ना, हे बघत उभं राहायचं. मोठ्या मुली कोपऱ्यात गाठून हळूच काहीबाही विचारतात, त्यांना उत्तरं द्यायची. त्यांच्या वयाची मुलं विचारत नाहीत, नुसती हसतात. त्यांनाही उत्तरं द्यायची.

सुरुवातीच्या वर्षांत बाळ कळवळून रडलं की सुई बाजूला ठेवून मीच त्याला कडेवर घ्यायचे. घरी जाऊन जेवण जायचं नाही. आता काही होत नाही. टोचताना मी बाळाच्या तोंडाकडं बघतच नाही, मांडीकडं बघते. मांडी कुणाचीही असो, सारखीच असते. लोक म्हणतात, सिस्टरचा हात हलका आहे. नवरा म्हणतो, तू सिनेमातसुद्धा रडत नाहीस, तुला झालंय तरी काय? काही झालेलं नाही. रोज चटका बसतो तिथली कातडी जाड होते, तसंच असेल. मी त्याचा फार विचार करत नाही.

मला बघून न पळणारी एकच मुलगी होती. ती सहावीत असताना शाळेच्या तपासणीत मला सापडली. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती आणि तपासणी संपेपर्यंत तीनदा उठून टाकीवर पाणी पिऊन आली. गुरुजी म्हणाले, हिला वर्गात बसायचा कंटाळा आहे, पाण्याचं निमित्त करून उठते. मी तिच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि गुरुजींच्याच मोटरसायकलवर तिला दवाखान्यात पाठवलं.

लहान वयातली साखर म्हाताऱ्यांच्या मधुमेहासारखी गोळीवर भागत नाही. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं, सकाळी आणि संध्याकाळी, जन्मभर. ते मिळत राहिलं तर पोर शाळेत जातं, भांडतं, वाढतं. ते बंद पडलं तर काही दिवसांत संपतं. ती दवाखान्यातून परत आली तेव्हा मी सगळ्या घराला समोर बसवून हे असंच सांगितलं. आई रडली. बाप पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. आजी म्हणाली, "म्हंजी ह्या बाटलीत तिचा जीव हाय म्हना की."

"हो आजी."

"मग बाटली ठिवायची कुठं?"

कामाचा प्रश्न तिनंच विचारला. बाटली गार ठेवावी लागते आणि त्यांचं घर गावात नव्हतं, शेतात होतं. तिथं शेतीच्या लायनीची लाइट, कधी दिवसा, कधी रात्री, मोटारीपुरती. फ्रीज घेतला असता तर कपड्यांना कपाट झालं असतं. मग मी त्यांना माठाची पद्धत शिकवली. एक रुंद तोंडाचा मोठा माठ घ्यायचा. त्यात वाळू भरायची. वाळूच्या मधोमध छोटं मडकं बसवायचं, त्यात झाकणाच्या डबीत बाटल्या ठेवायच्या आणि वरून ओलं फडकं टाकायचं. वाळू रोज पाण्यानं भिजवायची. लाइटवाचूनचा फ्रीज म्हणायचा. बाटली गोठवायची नाही, चुलीजवळ न्यायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हे तीन-तीनदा सांगितलं आणि तिघांकडून वदवून घेतलं.

आजीनं माठ देवाच्या कोपऱ्यात ठेवला, कारण घरात गार कोपरा तोच. सकाळी आंघोळ झाली की ती पहिला तांब्या वाळूवर ओतायची, दुसरा तुळशीला. उन्हाळ्यात दुपारीही एकदा. मी भेटीला गेले की चहाच्या आधी माठात हात घालून बघायची. वाळू गार लागायची. एकदाही कोरडी सापडली नाही. माझ्या हद्दीत मी ज्यांना काही शिकवलं त्यांत या म्हातारीसारखं कुणी पाळलं नाही.

पोरगी सुधारली. अंग भरलं, आवाज वाढला, तोंड तर फारच वाढलं. "मॅडम, आजी माझ्यापरीस माठाला जास्त जपती. मला बी गार पाणी, माठाला बी गार पाणी. पन माठाला शिव्या न्हाईत." आजी आतून ओरडायची, "माठ उलटं बोलत न्हाय म्हनून." मी हसले की पोरीला वाटायचं आपण काहीतरी जिंकलं.

पोटाची चिमट धरून ती स्वतःच टोचून घ्यायची आणि तोंडानं वर्गातल्या कुठल्यातरी भांडणाची गोष्ट चालूच ठेवायची. आठवीत असताना एकदा तिनं मध्येच मला विचारलं, "मॅडम, दुसऱ्याला टोचताना तुम्हाला काय वाटतं?"

"काही नाही."

"मला बी काय न्हाय वाटत. सवय झाली."

असं ती म्हणाली आणि सुईला टोपण लावून भांडणाची गोष्ट पुढं सांगू लागली. मला ती मुलगी आवडायची. इतकी पोरं असतात की कुणा एकाला आवडून घेणं मला परवडत नाही, पण ती आवडायची.

पितृपंधरवडा सरत आला की आमच्याकडं घरोघर दसरा काढतात. घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, भांडंन् भांडं घासायचं. गोधड्या, सतरंज्या विहिरीवर नेऊन आपटायच्या. फळ्यांवरचे डबे, उतरंडीची गाडगी, पितळेचे देव, सगळं अंगणात येतं. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. आणि मग एकेक वस्तूला ऊन दाखवायचं. ऊन दाखवलं की वस्तू टिकते, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. डाळीला किडा लागत नाही, लोणच्याला बुरशी धरत नाही, गोधडीतली ढेकणं मरतात. त्या दिवसांत वस्त्यांवरून जाताना अंगणं दुकानांसारखी दिसतात. बाजूला सोयाबीनचे ढीग आणि मध्ये मांडलेला संसार.

त्या आठवड्यात माझी फेरी दुसऱ्या दोन गावांत होती. त्यामुळं वस्तीवर काय झालं ते मला नंतर कळलं.

घटस्थापनेला सकाळी आशाताईचा फोन आला. त्या गावची आशा कार्यकर्ती मुसलमान आहे, चाळिशीची, शिवणकाम करते. माझ्याशी मराठी बोलते आणि घाबरली की निम्मं बोलणं दखनीत जातं. फोनवर ती सरळ दखनीतच बोलली. "मॅडम, वस्तीवाली बच्चीकू लई उलट्या व्हायल्यात. रातसे. आजी बोलती ऊन लागलंय. मेरेकू ठीक नै दिखती."

मी पोहोचले तेव्हा घर चकचकीत होतं. पोतारलेल्या भिंतींचा ओला वास होता. देवापुढं नुकताच घट बसलेला, पत्रावळीत काळी माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध घट आणि वर झेंडूची पहिली माळ. शेजारी दिवा. पोरगी धुतलेल्या गोधडीवर पडली होती. श्वास खोल आणि भराभर चालला होता, कुणीतरी मागं लागल्यासारखा. मी वाकले तर तोंडाला जास्त पिकलेल्या फळाचा वास येत होता. तो वास मला माहीत आहे. बोटाला सुई टोचली. मशीननं आकडा दिलाच नाही. साखर त्याच्या आवाक्याबाहेर गेली की ते आकडा देत नाही.

"सुई चुकवली होतीस का?"

तिनं डोळे न उघडता मान हलवली. आई म्हणाली, "न्हाय वो शिस्टर, रोज दोन टाइम घेतीया, माझ्याम्होरं घेतीया. कालपास्नं तर मीच टोचायले."

मी माठात हात घातला. वाळू गार होती. डबी काढली, बाटली दारातल्या उजेडात धरली. ते औषध हलक्या हातानं हलवलं की दुधासारखं एकसारखं होतं. हे झालं नाही. नासलेल्या दुधासारख्या बारीक गुठळ्या काचेला आतून चिकटून बसल्या होत्या. दुसरी बाटली तशीच. तिसरी तशीच. रोज दोन वेळा पोरीच्या अंगात जे जात होतं त्यात औषध उरलेलंच नव्हतं.

"ह्या बाटल्या उन्हात होत्या का?" मी विचारलं.

आजी घटापुढून म्हणाली, "व्हय की. दसरा काढताना पत्र्यावर ठिवल्या हुत्या. दोन-तीन दिस, सकाळची सुई झाली की चांगलं ऊन दाखवलं, सांजंला परत माठात. सारखं वलीत ऱ्हाऊन बुरसा आला आसता नव्हं." केलेलं काम सांगताना असतो तसा तिचा आवाज होता, नीटनेटका. आईनं एकदम माझ्याकडं बघितलं. विहिरीवर गोधड्या आपटत होती ती त्या दिवसांत, तिला हे माहीत नव्हतं. मी आजीला काही बोलले नाही. बोलत बसायला वेळ नव्हता.

बाप घरी नव्हता. गावातली तरणी माणसं तुळजापूरहून ज्योत आणायला गेली होती, हा त्यांच्यात होता. गावातली एकुलती पिकअप गाडी त्यांच्याच मागं. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला तास लागेल म्हणाले. मी स्कूटी काढली. पोरीला मध्ये बसवलं, आशाताई मागं बसली, आणि आईनं दोरीवरची धुतलेली साडी आणून आम्हा तिघींना एकत्र बांधलं. आई शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागून निघाली.

आजी उठून दारापर्यंत आली होती. घटाला बसलेल्या बाईनं दिवा सोडून जायचं नसतं. "म्या यू का?" ती म्हणाली. मी किल्ली फिरवली. तिचा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर होता, एक आत, एवढं मी स्कूटी वळवताना बघितलं.

रस्ताभर आशाताई तिच्या कानात बोलत होती. "आँखा मत मूँद बेटा. मेरेकू देख. आँखा मत मूँद." पोरीचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं, तिचा श्वास मला साडीतून लागत होता. डांबरी लागली तशी ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. आशाताईनं मोठ्यानं विचारलं, "क्या बोली बेटा?"

"ट्रिपल शीट," ती म्हणाली. "मॅडमला पोलीस धरतील."

त्यानंतर ती बोलली नाही.

येरमाळ्याच्या केंद्रात सलाईन लागलं, फ्रीजमधलं चांगलं इन्सुलिन मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच धाराशिवला न्यायला सांगितलं. एव्हाना ॲम्ब्युलन्स आली होती. मी आत बसले, सलाईनची बाटली धरून. आईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

हायवेला त्या दिवशी ज्योतींचीच गर्दी असते. दर थोड्या अंतरावर पोरांचा एक घोळका पळत येतो, सगळे अनवाणी, पुढच्याच्या हातात पेटती ज्योत, मागं गुलालानं भरलेली गाडी आणि भोंग्यावर "आई राजा उदो उदो." आमची गाडी भोंगा वाजवत त्यांच्यातून वाट काढत होती. एका घोळक्यापाशी गाडी अगदी हळू झाली. ज्योत हातात घेऊन पुढं पळणारा तिचा बाप होता. कपाळ मळवटानं भरलेलं, शर्ट घामानं चिकटलेला. त्यानं ॲम्ब्युलन्सला वाट दिली, ज्योत डाव्या हातात घेतली आणि मोकळा हात कपाळाला लावला. अशी गाडी दिसली की आतल्या कुणाच्याही जिवासाठी लोक लावतात तसा. आईची मान खाली होती, तिनं बघितलं नाही. मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही. थांबून त्याला आत घेतलं असतं तरी पोरीला त्याचा काही उपयोग नव्हता. काचेतून तो मागं मागं जाताना दिसत राहिला, गावाकडं पळताना.

संध्याकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा अजून अनवाणीच होता. तळव्यांना फोड आले होते आणि फरशीवर त्याच्या पावलांचे ओले डाग उमटत होते. त्यानं मला विचारलं, "दुपारच्याला गाडी गेली, त्यात ही हुती का?"

"हो," मी म्हणाले.

तिसऱ्या माळेला ती गेली. मेंदूला सूज आली होती. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, मी डोळ्यांनी बघितलं. आई ओरडली तेव्हा मी तिला धरलं. हात बरोबर जिथं धरायला हवे तिथं गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार होता. मी अंगणवाडीत गेले आणि बाळं टोचली. एका नव्या आईनं विचारलं, दुखतं का हो फार? तिची सासू म्हणाली, यांचा हात लई हलका आहे. आशाताई माझ्या शेजारी बसून लशीच्या बाटल्यांचा बर्फाचा डबा उघडत आणि लावत होती, उघडत आणि लावत होती. मधूनच ती उठून भिंतीआड गेली आणि डोळे पुसून आली. तिचा मला हेवा वाटला. खरंच वाटला. मी मांड्यांकडं बघत राहिले.

त्यांच्या घरी सुतक आलं. सुतकात घट ठेवत नाहीत. भावकीबाहेरच्या कुणीतरी तो उचलून विहिरीत सोडला. पेरलेलं धान्य जेमतेम तडकलं होतं.

तेरावा झाल्यावर मला वस्तीवर जावं लागणारच होतं. उरलेल्या सुया आणि त्या खराब बाटल्या परत आणायच्या होत्या. घरात तशा ठेवू देता येत नाहीत. आशाताई आदल्या दिवशी म्हणाली, "आजीकू कुछ मत बोलो मॅडम. ऊन लागलं म्हनती ती. म्हनू द्या." पोरीची आईसुद्धा मला बांधावर भेटली, डोक्यावर सोयाबीनचं गाठोडं होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं नाही. "आत्याबाईला म्या काय बोलले न्हाय शिस्टर. घरात कुनीच बोललं न्हाय. तुमी बी नका बोलू." मी बरं म्हणाले. मला सोपंच होतं, मी तशीही कमी बोलते.

आजी देवाच्या कोपऱ्यात होती. घटाची जागा सारवून मोकळी केलेली. तिच्या हातात तांब्या होता आणि ती माठातल्या वाळूवर पाणी घालत होती. घाईत नव्हती. गोल गोल, कडेनं आत, पहिल्यापासून घालायची तसंच.

मी खाली बसले. तिनं तांब्या ठेवला.

"हात घाला," ती म्हणाली. "बघा की. रोज बघता."

मी हात घातला. वाळू गार होती.

"बाटली नासली हुती व्हय?"

आईला मी बरं म्हणाले होते, आशाताईलाही. खोटं बोलायला आत काहीतरी हलावं लागतं. माझ्यात ते हललं नाही. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिनं प्रश्न कामाचा विचारला होता, पहिल्या दिवशी विचारला तसाच.

"हो आजी."

"उन्हानं?"

"हो."

बाहेर सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज चालला होता. मग ती म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं. उन्हात ठिवू नका म्हनला हुता. माज्याकडून वदवून घेटलं हुतं." तिनं पदरानं माठाची कड पुसली. "म्या म्हनलं, रोज न्हाय ठिवायचं. सनाचं येकदा चालतंय. समद्याला ऊन दाखवलं, देवाला दाखवलं, आन् पोरीच्या जिवालाच तेवढं न्हाय दाखवायचं? तेच वलीत कुजत ठिवायचं?"

तुमचा दोष नाही आजी, असं म्हणायचं असतं अशा वेळी. ते वाक्य मला येतं, दुसऱ्या घरांत मी म्हटलेलं आहे. ते तोंडातून निघालं नाही.

"घरात मला कुनी काय सांगंना," ती म्हणाली. "समदी तोंडाकडं बघत्यात. म्या आंधळी हाय का? तुमी बाटली उजेडाला धरली, आन् म्या सांगितल्यावर गप झाला, तवाच मला कळलं." मग तिनं फडकं पिळून माठावर टाकलं आणि दोन्ही हातांनी माठ माझ्याकडं सरकवला. "ह्यो न्या. दुसऱ्या कुनाच्या लेकराला लागंल. वाळू चांगली हाय, नदीची हाय. आन् सनाचं बी चालत न्हाय म्हनून सांगा. असं सांगा. नुसतं उन्हात ठिवू नका म्हनू नका."

सुया आणि बाटल्या मी पिशवीत घातल्या आणि माठ उचलला. जड होता. तिनं हात लावला नाही आणि मी तिला लावायला सांगितला नाही. स्कूटीच्या पायठेवणीवर तो दोन पायांच्या मध्ये बसवला. ती दारात आली होती. या वेळी दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत होते.

कच्च्या रस्त्यानं गाडी हिंदकळायची तशी ओल्या वाळूतलं पाणी माठाच्या अंगातून पाझरत होतं. ते माझ्या चपलेत उतरलं. पाय गार पडले, घोट्यापर्यंत. वळणावर तुरीच्या कडेला दोन-तीन पोरं खेळत होती. मला बघून पळायला उठली आणि माठ बघून थांबली. सिस्टर माठ घेऊन कुठं चालल्या हे त्यांना कळेना. मी गाडी थांबवली नाही.

माठ आता उपकेंद्रात आहे, टेबलाखालच्या कोपऱ्यात, जिथं ऊन येत नाही. तसं लेकरू माझ्या हद्दीत अजून दुसरं सापडलेलं नाही. सापडू नये. तरी रोज कुलूप काढलं की आधी मी तांब्याभर पाणी वाळूवर घालते, कडेनं आत, आणि हात घालून बघते. हाताला गार लागतं. मग मी बाळांच्या आयांना आत बोलावते. दिवसभरात मला जे काही लागतं ते तेवढं गारच.